वाऱ्याला कामाला लावणारा माणूस

नाटकाच्या प्रयोगाला गर्दी होते, तालमीला कोणी फिरकत नाही. ज्या वाक्याला थिएटर टाळ्यांनी भरून जाते, ते वाक्य एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गात किती वेळा चुकले, किती वेळा बदलले, हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. मोटारींच्या शर्यतीचेही असेच आहे. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर आपण पाहतो तो प्रयोग. त्याची तालीम हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, रिकाम्या ट्रॅकवर, ओस पडलेल्या बाकांसमोर होते. एक गाडी, एक चालक, दोन-चार मेकॅनिक आणि एक स्टॉपवॉच. गाडी फिरते, थांबते, कुठला तरी नट पिळला जातो, गाडी पुन्हा फिरते. पाहणाऱ्याला यापेक्षा कंटाळवाणे दृश्य शोधून सापडणार नाही.

या कंटाळवाण्या तालमीवर जीव असलेल्या एका माणसाची गोष्ट मला आज सांगायची आहे. ब्रूस मॅक्लारेन. यातले मॅक्लारेन हे नाव घरातल्या मुलांना चांगले माहीत असते. खेळण्यातल्या गाडीवर ते छापलेले असते, भिंतीवरच्या पोस्टरवर असते. बहुतेकांना ते नुसते कंपनीचे नाव वाटते. त्यामागे किंचित लंगडत चालणारा, हसऱ्या चेहऱ्याचा एक माणूस होता आणि २ जून १९७० रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी तो गेला, हे सांगितले की मुले चमकतात. तो शर्यतीत नव्हे, तालमीत गेला, हे सांगितले की मोठी माणसेही क्षणभर गप्प होतात.

ब्रूसचा जन्म न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, ३० ऑगस्ट १९३७चा. वडील लेस आणि आई रूथ यांचा रेमुएरा भागात पेट्रोलपंप आणि गॅरेज होते. मुलाचे अंगण म्हणजे हे गॅरेजच. नऊ वर्षांचा असताना तो लंगडू लागला आणि डॉक्टरांनी पर्थेस नावाच्या आजाराचे निदान केले. या आजारात खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या टोकाला पुरेसे रक्त मिळत नाही, हाड ठिसूळ होऊन झिजू लागते. त्या काळी उपाय एकच होता, पायावर भार पडू द्यायचा नाही. टाकापुना इथल्या विल्सन होम या मुलांच्या रुग्णालयात ब्रूसने दोन वर्षांहून अधिक काळ काढला आणि त्यातले कित्येक महिने तो लोखंडी चौकटीला जखडलेला होता. ज्या वयात मुले घरात ठरत नाहीत, त्या वयात हा मुलगा छताकडे बघत पडून होता. बरा झाला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला होता. तो लंगडेपणा त्याला जन्मभर पुरला.

अशा मुलाला घरच्यांनी जपले असते, खुर्चीत बसायचे काम शोधून दिले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. लेस मॅक्लारेन यांनी मात्र १९२९ सालची एक जुनी ऑस्टिन सेव्हन गाडी विकत घेतली होती. ती सुट्या भागांत घरी आली आणि बापलेकांनी ती जोडली. या गाडीतून किशोरवयातच ब्रूस डोंगरचढणीच्या स्पर्धेत उतरला. माझ्या मते त्याच्या आयुष्याची खरी शाळा हीच. पुढे तो अभियांत्रिकी शिकू लागला, पण गाडी म्हणजे आपण जोडलेल्या भागांची बेरीज असते आणि त्यातला एक भाग बदलला की सगळी बेरीज बदलते, हे त्याच्या बोटांना आधीच कळले होते.

१९५८ साली न्यूझीलंडच्या ग्रांप्री संघटनेने एका होतकरू चालकाला युरोपात पाठवण्याची योजना सुरू केली. पहिली निवड ब्रूसची झाली. त्याच वर्षी जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या अवघड ट्रॅकवर लहान इंजिनाच्या गाडीतून तो मोठ्यांच्या बरोबरीने धावला आणि एकूण पाचवा आला. इंग्लंडच्या कूपर कंपनीने त्याला संघात घेतले. तिथे त्याच्या शेजारी ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहॅम होता. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतल्या सेब्रिंगला शेवटच्या फेरीत ब्रॅबहॅमच्या गाडीतले पेट्रोल संपले आणि मागून येणारा ब्रूस जिंकला. वय २२ वर्षे १०४ दिवस. ग्रांप्री जिंकणारा सर्वांत तरुण चालक हा त्याचा विक्रम २००३ साली फर्नांडो अलोन्सोने मोडेपर्यंत टिकला.

इथपर्यंतची गोष्ट एखाद्या गुणी खेळाडूची वाटेल. पण ब्रूस त्याच्या पिढीतला सर्वांत वेगवान चालक नव्हता. जिम क्लार्कच्या हाती जी जादू होती ती याच्याकडे नव्हती. शंभरएक ग्रांप्री शर्यतींत त्याने चार जिंकल्या. त्याचे मोठेपण दुसरीकडे होते. गाडी काय सांगते आहे ते त्याला ऐकू येत असे.

चाचणी म्हणजे नेमके काय, हे इथे सांगायला हवे. समजा गाडीचा एक स्प्रिंग बदलला. फेरीचा वेळ अर्ध्या सेकंदाने कमी झाला. श्रेय स्प्रिंगचे, की चालक या वेळी जरा जोरात गेला त्याचे? की टायर तापले होते, की वारा पडला होता? उत्तर मिळवायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालकाने फेरीमागून फेरी तितक्याच नेटाने गाडी हाकायची. त्यात शौर्य दाखवायला वाव नाही. मग गाडीतून उतरून मेकॅनिकला समजेल अशा शब्दांत सांगायचे की वळणात शिरताना पुढचे टोक सरकते, पण बाहेर पडताना मागचे धरून राहते. ही चिकाटी आणि ही भाषा ब्रूसकडे होती. म्हणूनच फायरस्टोनसारखी टायर कंपनी आणि फोर्डसारखी बलाढ्य मोटार कंपनी चाचण्यांसाठी त्याच्याकडे आली. १९६६ साली फोर्डच्याच गाडीतून ख्रिस एमनच्या साथीने त्याने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

१९६३ साली त्याने स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीची शेड अशी की खाली मातीची जमीन. टेडी मेयर हा अमेरिकन वकील भागीदार, टायलर अलेक्झांडर मेकॅनिक आणि बाकीची मूठभर पोरे. टेडीचा धाकटा भाऊ टिमी त्यांच्यासोबत शर्यती खेळत असे. फेब्रुवारी १९६४ मध्ये टास्मानियातल्या लाँगफर्डला सराव करताना टिमी अपघातात ठार झाला. संघ अजून उभा राहतो न राहतो तोच पहिली तिरडी बांधावी लागली होती. तरी दोघे थांबले नाहीत. माणसाचे आयुष्य किती वर्षांचे होते यापेक्षा त्याने त्यात काय केले यावर मोजावे, अशा आशयाचे ब्रूसने त्या वेळी लिहिले.

आता वाऱ्याकडे वळू. मी शर्यतीची गाडी कधी चालवलेली नाही. स्कूटर चालवली आहे आणि वारा काय चीज आहे हे कळायला तेवढे पुरते. हायवेवर शेजारून भरधाव ट्रक गेला की स्कूटर आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. कोकणात वादळात घरांचे पत्रे उडतात, ते वारा नुसता खालून ढकलतो म्हणून नाही. छपरावरून वारा वेगाने वाहतो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि घरातली कोंडलेली हवा पत्र्याला उचलते. विमानाचा पंख याच युक्तीने विमान उचलतो. गाडीला मात्र उडायचे नाही, जमिनीला चिकटून राहायचे आहे. मग पंख उलटा बसवला तर? तो गाडीला खाली दाबील. गाडीचे वजन न वाढता टायर रस्त्याला घट्ट धरतील आणि वळण अधिक वेगाने घेता येईल. शिवाय वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. मात्र फुकट काही मिळत नाही. पंख हवेला अडवतो, त्यामुळे सरळ पट्ट्यात वेग घटतो. वळणात कमावलेले सरळ पट्ट्यात गमावले की काही शिल्लक उरले, याचा निवाडा स्टॉपवॉचच करते.

हे आज शाळेतल्या मुलालाही समजावता येते. १९६५च्या आसपास शर्यतीच्या दुनियेत ते फार थोड्यांना उमगले होते. एका स्पोर्ट्स गाडीची चाचणी घेताना ब्रूसच्या लक्षात आले की पेट्रोलच्या टाकीवरचे छोटे झाकण फडफडते आहे. दुसरा कोणी असता तर ढिलाईबद्दल मेकॅनिकवर ओरडला असता. ब्रूस विचारात पडला. वेग वाढला की वाऱ्याने हे झाकण खाली दाबले जायला हवे, ते उलट अधिकच का उसळते? म्हणजे आत हवा कोंडली आहे. नाकातून, रेडिएटरमधून आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. तो पिटमध्ये आला, पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागचे आवरण कापून हवेला वाट करून दिली. पुढच्याच फेऱ्या आधीपेक्षा वेगवान निघाल्या. कोकणातल्या छपराचे आणि या झाकणाचे शास्त्र एकच आहे.

त्याच वर्षी रॉबिन हर्ड हा तरुण अभियंता संघात आला. तो फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतून आला होता आणि काँकॉर्ड विमानाच्या कामाचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. हर्डने बाल्सा या हलक्या लाकडाच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे पत्रे चिकटवलेल्या मॅलाइटची चॅसी बनवली. नोव्हेंबर १९६५ मध्ये हॉलंडमधल्या झांडफोर्टला या चाचणीच्या गाडीच्या पाठीवर त्यांनी एक पंख बसवून पाहिला. फेरीचा वेळ चांगलाच उतरला. पण हाताशी माणसे कमी, पैसा कमी, इंजिनाच्या अडचणी डोक्यावर, आणि ती कल्पना तशीच बाजूला पडली. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत असे पंख दिसायला १९६८चा जून उजाडला. बेल्जियममधल्या स्पा इथे फेरारी आणि ब्रॅबहॅमच्या गाड्या पंख लावून उतरल्या. गंमत अशी की ती शर्यत जिंकली बिनपंखाच्या मॅक्लारेनने. शेवटी जॅकी स्टुअर्ट पेट्रोल भरायला थांबला आणि ब्रूस पुढे निघून गेला. आपण दुसरे आलो या समजुतीत तो होता. प्रतिस्पर्धी संघातल्या मेकॅनिकने सांगितले तेव्हा त्याला आपण जिंकल्याचे कळले. स्वतः उभारलेल्या गाडीतून अशी ग्रांप्री जिंकणारा ब्रॅबहॅम आणि डॅन गर्नी यांच्यानंतरचा तो तिसरा.

पण त्याच्या वाऱ्याच्या विद्येचे खरे चीज झाले ते उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम मालिकेत. तिथे नियम जवळजवळ नव्हतेच. इंजिन हवे तेवढे मोठे, आवरण हव्या त्या आकाराचे. ज्याला नियम अडवत नाहीत त्याला फक्त त्याचे अज्ञान अडवते, आणि अज्ञान घालवायचा ब्रूसचा एकच मार्ग होता, हंगामाआधी गाडी तयार ठेवायची आणि फिरवत राहायचे. १९६७ साली पपईच्या रंगाच्या त्याच्या गाड्यांनी सहापैकी पाच शर्यती जिंकल्या. १९६९ साली ११ पैकी ११. सहा ब्रूसने, पाच त्याचा देशबंधू डेनी हल्मने. त्या गाडीचा पंख उंच खांबांवर उभा होता आणि ते खांब थेट मागच्या चाकांच्या सस्पेन्शनवर टेकले होते. वाऱ्याचा सगळा दाब सरळ टायरवर.

त्याच वर्षी मे महिन्यात बार्सिलोनाच्या ग्रांप्रीत लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडून भयंकर अपघात झाले. ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट जिवानिशी वाचले हेच नशीब. फॉर्म्युला वनमध्ये उंच पंखांवर बंदी आली, १९७० पासून कॅन-ॲममध्येही. मॅक्लारेनने नवी एम८डी गाडी बनवली तेव्हा पंख खाली आणला आणि मागच्या आवरणाच्या दोन उभ्या कल्ल्यांमध्ये बसवला. म्हणजे पंखाचा आधार आता ते आवरणच होते.

मे महिन्यात इंडियानापोलिसच्या सरावात आगीत डेनी हल्मचे हात भाजले. कॅन-ॲमची पहिली शर्यत कॅनडात मोस्पोर्टला १४ जूनला होती. २ जूनला, मंगळवारी, ब्रूस इंग्लंडच्या दक्षिणेकडील गुडवुडला नवी गाडी घेऊन आला. गुडवुड म्हणजे महायुद्धातला विमानतळ, त्याच्याभोवतीच्या रस्त्याचा केलेला ट्रॅक. शर्यती तिथे १९६६ मध्येच थांबल्या होत्या, चाचण्या चालत. दुपारी लॅव्हंटच्या सरळ पट्ट्यावर गाडी पूर्ण वेगात असताना मागचे आवरण सुटले. त्याबरोबर खाली दाबणारा वाऱ्याचा हातही सुटला. गाडी गिरकी घेत ट्रॅकबाहेर गेली आणि निशाणवाल्यांसाठी कधीकाळी बांधलेल्या चौकीच्या भक्कम बांधकामावर आदळली. ब्रूस जागीच गेला. घरी पत्नी पॅट्रिशिया आणि साडेचार वर्षांची मुलगी अमांडा होती.

मला या ठिकाणी दरवेळी एक प्रश्न अडवतो. कंपनी त्याची, नाव त्याचे, चाचणीसाठी पैसे देऊन दुसरा चालक बसवता आला नसता का? नक्की आला असता. पण त्याला दुसऱ्याने सांगितलेले पुरत नसे. आणि दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पंधरा दिवसांत त्या गाडीत त्याचा मित्र बसणार होता. ती कशी वागते हे आधी स्वतः जाणून घेतल्याशिवाय ती दुसऱ्याच्या हाती देणे त्याच्या स्वभावात नव्हते. आपल्याकडे चांगली सुगरण पंगतीत वाढण्याआधी आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखते, तितक्या सहजपणे तो हे करत असे.

तरीही मला या मरणाचा गौरव करवत नाही. अशा लेखांत शौर्याची फुले वाहून मोकळे होण्याचा मोह असतो. त्या १९७० सालातच २१ जूनला पियर्स करेज गेला, ५ सप्टेंबरला योखेन रिंट गेला आणि मरणोत्तर जगज्जेता ठरला. ट्रॅकलगत झाडे, खांब, भिंती तशाच होत्या. जॅकी स्टुअर्ट सुरक्षेसाठी कंठशोष करत होता आणि त्याला भित्रा म्हणणारे पुष्कळ होते. शर्यती बंद झालेल्या ट्रॅकवर ती चौकी उरली नसती, तर कदाचित आज मला हा लेख वेगळा लिहावा लागला असता. आयुष्य कर्तृत्वावर मोजावे हे ब्रूसचे म्हणणे मला पटते. पण घरात वाट पाहणारे चार वर्षांचे मूल ते वर्षांवर मोजते, आणि त्याचेही मोजमाप खोटे नसते.

त्याच्या माणसांनी काय केले? बारा दिवसांनी ते मोस्पोर्टला गेले. ब्रूसच्या जागी डॅन गर्नी गाडीत बसला आणि जिंकला. भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधून डेनी हल्म तिसरा आला. त्या हंगामात दहापैकी नऊ शर्यती संघाने जिंकल्या आणि विजेतेपद डेनीला मिळाले. गाडी चांगलीच होती. तालीम फुकट गेली नव्हती.

१९७४ साली मॅक्लारेन संघ फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. १९८१ साली याच संघाने कार्बन फायबरची चॅसी असलेली पहिली फॉर्म्युला वन गाडी आणली. त्याच वर्षी मोन्झाला जॉन वॉटसनची ती गाडी आदळून दुभंगली आणि वॉटसन चालत बाहेर आला. मॅलाइटच्या लाकूड-पत्र्यापासून सुरू झालेला शोध इथवर पोचला होता. २०२४ साली संघाने २६ वर्षांनी पुन्हा बांधणीचे जगज्जेतेपद मिळवले.

आता चाचणीची तऱ्हा पालटली आहे. हंगामाआधी मोजकेच दिवस ट्रॅक मिळतो. बाकीचे काम वाऱ्याच्या बोगद्यात आणि संगणकावर होते, आणि त्यावरही मर्यादा आहेत. तरी फेब्रुवारीच्या सुमारास बातम्यांत कधी लक्ष ठेवून पाहा. नव्या गाडीवर हिरवा किंवा पिवळा पातळ रंग फासलेला दिसेल, कोणीतरी रंगाचा डबा उपडा केल्यासारखा. वारा त्या रंगाला जिकडे ओढतो तिकडे त्याचे ओघळ उमटतात आणि अभियंते ते हाताच्या रेषांसारखे वाचतात. चाकांमागे दाब मोजणाऱ्या नळ्यांची जाळी लावलेली असते. संगणकाने सांगितले ते वाऱ्याला मान्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी एवढा खटाटोप. फडफडणारे झाकण पाहून कात्री मागणारा माणूस तिथे असता तर त्याला यातले काहीच परके वाटले नसते.

ब्रूसला त्याच्या गावी, ऑकलंडच्या वायकुमेटे स्मशानभूमीत पुरले आहे. घरातल्या मुलाच्या हातात ती पपईच्या रंगाची खेळण्यातली गाडी दिसली, तर तिच्या पाठीवरच्या छोट्या पंखाकडे बोट दाखवून त्याला विचारा, हा कशासाठी असतो? उडण्यासाठी, असे तो म्हणेल. मग त्याला जवळ बसवून सांगा की हा न उडण्यासाठी असतो, आणि हे ज्यांनी आधी शोधून काढले त्यांच्यात एक लंगडा मुलगा होता.